ऊसतोडीला जाणाऱ्या बायांचे बारा फुटी चेहरे भिंतीवर लावायचेत. कागद का फ्लेक्स? आणि नाव लिहू का नको?

शटरवाला (बीड जिल्हा)

बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाला माझा फोटो स्टुडिओ आहे. गावाचं नाव मुद्दाम सांगत नाही. अठरा वर्षं झाली. लग्न, बारसं, पासपोर्ट साइज, आणि मागच्या खोलीत फ्लेक्सचं डिझाइन. छपाई बीडहून करून आणतो. खरं सांगायचं तर घर फ्लेक्सवर चालतं. लग्नसराई चार महिने, वाढदिवस बाराही महिने.

गेल्या महिन्यात एका भाऊंचा वीस बाय दहाचा बोर्ड केला. मधोमध भाऊ, वर साहेब लोक, खाली शुभेच्छुक एकेचाळीस. एकेचाळीस मुंडकी एका मापात बसवायची म्हणजे काय ते फ्लेक्सवाल्यालाच माहीत. एखाद्याचं सूतभर बारीक झालं की रात्री साडेअकराला फोन. त्यात एका पोरानं व्हॉट्सॲपवर जो फोटो पाठवला त्यात त्याच्या खांद्यावर आईचा हात होता, आणि कडेला अर्धी आई. मी सवयीनं आई कापली. बोटं खांद्यावर राहत होती, ती क्लोन मारून पुसली. बोर्ड लागला, पैसे आले (निम्मे. बाकीचे येत असतात). चार दिवसांनी तीच बाई दुकानात आली, पासपोर्ट साइज काढायला. म्हणाली, "पोराचा फोटो चौकात लागलाय, तुमीच केला म्हणं." मी हो म्हणलं. "झ्याक दिसतोय," म्हणाली आणि स्टुलावर बसली.

तेव्हापासून डोक्यात घुसलंय ते घुसलंय.

आमच्याकडं दसरा-दिवाळीच्या मधी बाया पासपोर्ट साइज काढायला रांगा लावतात. कुणाला बँकेला लागतो, कुणाला पोरांच्या वसतिगृहाला, कुणाला आणखी कशाला. पस्तीस बाय पंचेचाळीस मिलिमीटर, पांढरा पडदा, हसायचं नाही. मागच्या वर्षीपासून मी एक करू लागलो. पासपोर्टचा झाला की म्हणायचं, मावशी आता एक तुमच्यासाठी, वाटंल तसं तोंड करा. कुणी जीभ काढली, कुणी डोळे वटारले, एका आजीनं मुकादमाची, म्हणजे टोळी नेणाऱ्या ठेकेदाराची, नक्कल केली, तर रांगेतल्या सगळ्या बाया हसून खाली बसल्या. असे २३ फोटो माझ्याकडं आहेत. लई भारी आहेत, स्वतःच्या तोंडानं सांगतो.

ही कल्पना माझी नाही. जेआर नावाच्या फ्रेंच माणसाची आहे. २०११ सालचं त्याचं भाषण मी यूट्यूबवर पाच-सहा वेळा बघितलंय, खालची अक्षरं वाचत वाचत. पॅरिसच्या मेट्रोत त्याला एक कॅमेरा सापडला, तिथून सुरुवात. २००५ च्या ऑक्टोबरात पॅरिसच्या बाहेरच्या वस्त्यांत दंगल पेटली. टीव्हीवर त्या वस्तीची पोरं म्हणजे तोंड झाकलेले गुंड. हा २८ मिलिमीटरची लेन्स घेऊन तिथं गेला. त्या लेन्सनं चेहरा भरून घ्यायचा तर माणसाच्या नाकाला नाक लावावं लागतं, लांबून चोरून जमत नाही. पोरांना म्हणला, वेडीवाकडी तोंडं करा. आणि ते फोटो मोठे करून पॅरिसच्या श्रीमंत भागातल्या भिंतींवर चिकटवले, खाली नाव, वय, बिल्डिंग नंबरसकट. म्हणजे घ्या, हा तुमचा गुंड, घरी जाऊन भेटा.

२००७ साली इस्राएल-पॅलेस्टाईनमध्ये तेच केलं. दोन्हीकडच्या एकाच धंद्यातल्या माणसांचे फोटो, टॅक्सीवाल्याशेजारी टॅक्सीवाला, मास्तराशेजारी मास्तर, मधल्या त्या भिंतीवर जोडीनं लावले. बघणाऱ्याला विचारायचा, यातला कोणता कुठला? लोकांना सांगता येत नव्हतं.

आमच्या चौकात साध्या माणसाचं तोंड दहा फुटी व्हायला दोनच वाटा आहेत. वाढदिवस, नाहीतर भावपूर्ण श्रद्धांजली. बाईला तर बहुतेक दुसरीच.

तर मला असं करायचंय की ऊसतोडीच्या टोळ्या हलायच्या आधी निदान आठ-दहा चेहरे लावावेत. बाजाराच्या रस्त्याला एका आडत दुकानाची आडवी लांब भिंत आहे, मालक माझा वर्गमित्र, तो तयार आहे. कागद लावायचा का फ्लेक्स, यावर अडलोय. फ्लेक्स माझा रोजचा, १० रुपये फूट, पण फ्लेक्स लावला की लोक वाचायच्या आधीच समजतात की कुणाचातरी वाढदिवस. कागद कधी लावला नाही. नगरपालिकेत विचारायला गेलो तर "कोणत्या पक्षाचा?" एवढाच प्रश्न. कोणत्याच नाही म्हणलं तर माणूस घाबरला. आणि सगळ्यात अवघड, खाली नाव लिहू का? लिहिलं तर आडनाव, आडनाव आलं की जात, आणि बीडमध्ये आडनावाचं काय झालंय ते तुम्ही पेपरात वाचताच. २०२५ साली आमच्या पोलिसांनीसुद्धा छातीवरच्या पट्टीवरनं आडनाव काढून नुसतं पहिलं नाव ठेवलं. नाही लिहिलं, तर मग ती नुसती "ऊसतोड महिला" झाली. तसले फोटो मासिकात लई येतात.

जाणकारांनी सांगावं. दसरा पंधरा दिवसांवर आलाय.

---

खळीची बादली (लातूर)

भाऊ, कागदच लाव. आणि कागदाचं मला विचार. माझे वडील टॉकीजचे पोस्टर लावायचे, तीस वर्षं, सायकलवर. शिडी खांद्याला, बादली हँडलला, गुंडाळी कॅरेजला. मी आठवीपर्यंत बादली धरलीय.

मैदा एक किलो, पाणी दहा लिटर. आधी थोड्या गार पाण्यात मैदा कालव, गाठ राहू देऊ नको, मग उकळत्या पाण्यात ओत आणि हलवत राहा. पांढरं पाणी काचेसारखं दिसायला लागलं की खळ झाली. वडील त्यात मोरचूद टाकायचे चिमूटभर, किडा लागत नाही, उंदीर लागत नाही. पण मोरचूद विष आहे. घरातलं पातेलं वापरू नको, लहान लेकरू जवळ नको. आणि पोस्टरची खालची कड जमिनीपासून सहा फूट वर ठेव. कारण सांगतो. गाया पोस्टर खातात. खळीचा वास येतो त्यांना. बाजाराच्या रस्त्याला तर मोकाट जनावरं असणारच. एकदा एका नव्या पिच्चरच्या हिरोचं हनुवटीपासून खालचं सगळं एका म्हशीनं दुपारपर्यंत संपवलं होतं, मालकानं वडिलांचे पैसे कापले. भीती वाटत असेल तर मोरचूद टाकूच नको. तुला दोन वर्षं टिकवायचं नाही.

भिंत चुन्याची असेल तर आधी ताराच्या ब्रशनं खरवड. चुना सुटला की कागद चुन्यासकट खाली येतो, आणि लोक म्हणतात खळ वाईट. भिंतीला खळ, वर कागद, कागदावर परत खळ. मधून बाहेर पुसत जायचं, हवा कडेला ढकलायची. सकाळी सहा ते नऊ. आपल्याकडचं ऊन लागलं की खळ कागद बसायच्या आधी वाळते आणि मग भिंतीवर पापड होतो.

माप सांगतो. तुझा कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा धरू. सहा हजार बाय चार हजार. बारा फूट बाय आठ फूट केलास तर इंचाला साधारण ४२ ठिपके पडतात. जवळून बघितलं तर नुसते ठिपके, रस्त्याच्या पलीकडून बघितलं तर डोळ्याखालची सुरकुती मोजता येते. भ्यायचं कारण नाही. छापायला फ्लेक्सवाल्याकडं जाऊ नको. घराचे नकाशे जिथं काढतात ना, इंजिनिअर लोकांचं, तिथं छत्तीस इंची रोलचा प्लॉटर असतो. काळंपांढरंच काढ. छत्तीस इंचाचे तीन पट्टे, बारा फूट लांब, जोडावर दोन-दोन इंच एकावर एक. जोड डोळ्याच्या बुबुळावर येऊ देऊ नको, सरकव. उरलेलं कडेनं कापून टाक.

आत्ता परतीचा पाऊस आहे. एक सर कागद सोसतो. तीन दिवस झड लागली तर नाही.

---

जावक क्रमांक (छत्रपती संभाजीनगर)

मी वकील नाही. एका नगरपालिकेत परवाना विभागात बावीस वर्षं काढून निवृत्त झालो आहे, त्यामुळे "माणूस घाबरला" हे वाचून हसू आले. तो घाबरणारच. पक्षाचा बोर्ड असेल तर कोणाचा फोन येणार हे त्याला माहीत असते. तुमच्या बोर्डाचा फोन कुठून येईल हे त्याला कळत नाही.

महाराष्ट्र मालमत्ता विद्रूपण प्रतिबंध अधिनियम, १९९५. विनापरवानगी चिकटवले तर शिक्षा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. भिंत मित्राची आहे म्हणून सुटका नाही. लोकांच्या नजरेस पडणारी जागा असली की खाजगी इमारतही त्यात येते. तेव्हा मालकाचे संमतिपत्र जोडा आणि मुख्याधिकाऱ्यांच्या नावे अर्ज करा. त्यात माप, जागा, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, स्वतः काढून भिंत धुऊन देण्याची हमी, आणि प्रत्येक फोटोची लहान प्रत. आवक क्रमांक घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. परवानगी मिळाली की तिचा क्रमांक आणि मुदत प्रत्येक चित्राच्या कोपऱ्यात छापा. उच्च न्यायालयाने बेकायदा फलकांबाबत जानेवारी २०१७ मध्ये निकाल देऊन इतकी वर्षे झाली, पण कोपऱ्यात क्रमांक छापलेला फलक मला अजून सहसा दिसत नाही. तुमचा दिसला तर बरे वाटेल.

लोखंडी सांगाडा उभा करायच्या भानगडीत पडू नका. घाटकोपरला १३ मे २०२४ रोजी वादळात पडलेला फलक १२० बाय १२० फुटांचा होता, १७ माणसे गेली. भिंतीला चिकटवलेला कागद कुणाच्या डोक्यात पडत नाही.

आणि आचारसंहिता लागलेली नाही ना, ते आधी पाहा. चेहरा बाईचा असला तरी खालचा मजकूर वाचला जातो.

---

नांदेडी_चहा

"कोणत्या पक्षाचा?" 😂 दादा, तुमचा एकच गुन्हा. शुभेच्छुक नाहीत.

---

वाढं (मूळ माजलगाव, सध्या पुणे)

शटरवाले दादा, राग मानू नका, पण मला तुमचं पहिलं पोस्ट वाचून आधी चीडच आली. मी कोयत्याची लेक आहे. आई-बाप दोघं मिळून एक कोयता, हे तुम्हाला माहीत असेलच. इथल्या बाकीच्यांना सांगते. मुकादमाच्या वहीत नवरा-बायको ही दोन माणसं नसतात, एक कोयता असतो. उचल (आगाऊ पैसे) कोयत्यावर, खाडा (न आलेल्या दिवसाचा दंड) कोयत्यावर. पैसे बापाच्या हातात. माझ्या आईनं सतरा हंगाम केले आणि एका रुपयाच्या उचलीवर तिचा अंगठा नाही.

आता फोटोचं. २०१९ साली ऊसतोड बायांच्या गर्भपिशव्या काढण्याचं प्रकरण पेपरात आलं, सरकारनं समिती नेमली, ८२ हजारांवर बायांची पाहणी झाली, त्यात १३ हजारांवर बायांची पिशवी काढलेली निघाली. त्या वर्षी आमच्या गावात कॅमेरे आले. सगळ्यांना तोच फोटो पाहिजे होता. पदर तोंडावर, मागं कोपी (तळावरची झोपडी), हातात कोयता. आईला एकानं पदर तोंडावर घ्यायला लावला. ती म्हणाली, मला नाही लाज वाटत. तो म्हणाला, फोटोला बरं दिसतं. छापून आलं तेव्हा ती आई आहे हे फक्त बांगड्यांवरनं आम्हाला कळलं.

त्यामुळं तुम्ही तोंड वेंगाडायला सांगितलंत हे मला आवडलं, हे कबूल. पण मला हे सांगा. दुकानात पासपोर्ट काढायला आलेल्या बाईनं पन्नास रुपयांच्या कामात एक फोटो मजेत काढू दिला, म्हणजे बारा फुटी करून बाजारात लावायला हो म्हणाली का? परत विचारलंय का? नवऱ्याला नाही, तिला. आणि मुकादमाचं काय? आजीनं मुकादमाची नक्कल केली म्हणता. तो फोटो बाजाराच्या रस्त्याला लागला, मुकादम तिथूनच जाणार. पुढच्या वर्षी तिच्या घरच्या कोयत्याला उचल देताना त्याला तो आठवणार. हसतील सगळे आणि भोगेल ती.

नावाचं म्हणाल तर लिहा. पण "अमक्याची बायको" नको आणि आडनाव नको. पहिलं नाव, गाव, आणि किती हंगाम. आजाराचं काही लिहू नका, पिशवीचं तर अजिबात नाही, कुणी स्वतः म्हणाली तरी चार दिवस थांबून परत विचारा. हंगाम मात्र लिहा. "सतरा हंगाम" हे वाचून आमच्याकडं कुणालाच वेगळं समजावून सांगायला लागत नाही.

अजून एक. दिवाळीनंतर लावू नका. बाया गेल्यावर लावलं तर बघणार कोण? जे गावात राहतात ते. म्हणजे परत आपलाच बाजार. त्या असताना लावा, त्यांना बघू द्या.

---

शटरवाला (बीड जिल्हा)

ताई, राग कशाला येईल. आजीचा फोटो यादीतनं काढला. खरं म्हणजे तोच सगळ्यात भारी होता, म्हणून मनात आलंच नव्हतं.

परत विचारलं नाही, हेही खरं. उद्यापासून विचारतो. दुकानात नाही, घरी जाऊन. बायकोला सोबत नेतो.

खळीवाले काका, गायीचं लक्षात ठेवतो.

---

बाभळीखाली (परभणी)

कागदाच्या बाजूनं सगळे बोलले, पण एक गंमत सांगू? त्या जेआरनं आपल्या देशातही काम केलंय. इथं पोस्टर लावणं जमणार नाही, पकडतील, असं त्याला कळलं. मग त्यानं पांढरे कागद लावले. नुसते पांढरे. चित्र डिंकाचं होतं, दिसत नव्हतं. चिकटवताना कुणी हटकलं तर दाखवायला काहीच नाही. मग रस्त्याची धूळ डिंकाला बसत गेली आणि दिवसागणिक चेहरा उगवत गेला. आपल्या मार्केट यार्डात कांद्याचे ट्रक चालू असताना लावला तर संध्याकाळपर्यंत मिशा दिसतील.

पण मुद्दा वेगळा आहे. २००९ साली त्यानं नैरोबीच्या किबेरा झोपडपट्टीत बायांचे चेहरे पत्र्यांवर टाकले, जवळजवळ दोन हजार चौरस मीटर. तिथं मात्र कागद नव्हता, विनाइल होतं, पाणी न झिरपणारं. कारण तिथल्या लोकांचं म्हणणं की घर गळतंय, चित्रानं ते थांबणार असेल तर टाका. तिथंच एका रेल्वेच्या डब्यांवर डोळे चिकटवले आणि रुळाखालच्या उतारावर उरलेला चेहरा. गाडी त्या जागी आली की क्षणभर डोळे चेहऱ्यावर बसायचे. आणि २०१४ साली पाकिस्तानात, खैबर पख्तुनख्वात काही कलावंतांनी एका पोरीचा भला मोठा फोटो शेतात अंथरला, वरून हल्ल्याचा ड्रोन उडवणाऱ्याला ठिपका नाही, तोंड दिसावं म्हणून. ते कापड नंतर गावकऱ्यांनी छपराला वगैरे वापरलं.

म्हणजे जिथं माणसं खरोखर उघड्यावर आहेत तिथं ह्या कलेचं कापड शेवटी छपरावरच जातं. आता आपल्याकडं बघा. कारखान्यावर कुठल्याही तळावर जा. कोप्यांवर काय असतं? जुने फ्लेक्स. साहेबांचा चेहरा आत करून, पांढरी बाजू वर. झोपलं की वर साहेब हसताना दिसतात. मी स्वतः पाहिलंय. एका कोपीत "भावी आमदार" चुलीच्या धुरानं इतके काळे झाले होते की फक्त दात उरले होते.

शटरवाले, तुम्ही ट्रकच्या फळीवर का नाही लावत चेहरे? बाया ज्या ट्रकनं जातात त्याच्याच मागं. किबेराच्या रेल्वेसारखं. पार कोल्हापूरपर्यंत जातील.

---

जावक क्रमांक (छत्रपती संभाजीनगर)

ट्रक-ट्रॅक्टरच्या मागे काहीही लावू नका. रिफ्लेक्टर झाकला जातो. रात्री उसाच्या ट्रॉलीवर मागून आदळून किती माणसे जातात ते या भागात वेगळे सांगायला नको.

---

खळीची बादली (लातूर)

बरोबर बोलले. ट्रक नको.

भावी आमदाराचे दात वाचून चहा सांडला.

---

शटरवाला (बीड जिल्हा)

उशीर झाला लिहायला, माफ करा. हिंडत होतो.

अर्ज दिला. आवक क्रमांक घेतला. माणसानं परत विचारलं, पक्ष? म्हणलं, अर्जात बघा. त्यानं फोटोच्या लहान प्रती एक एक करून बघितल्या आणि चौथ्या फोटोला थांबला. "ही तर आमच्या गावची." मग खुर्ची दिली. दहा दिवसांची परवानगी मिळाली, आठ चित्रांची.

तेवीसपैकी एकवीस घरं झाली. दोघी आधीच गेल्यात, त्यांच्या टोळीला लवकर बोलावलं. अकराजणी हो म्हणाल्या, सातजणी नको. त्यातल्या एकीनं कारण सांगितलं, पोरीला पाहुणे बघायला येणार आहेत. तिघींना नवऱ्यानं बोलूच दिलं नाही, त्यांना मी "नको"तच धरलं. एकीनं फोटोच बदलून मागितला, म्हणाली हा जीभ काढलेला नको, मी नुसतं बघते. तो मला आधीच्यापेक्षा चांगला वाटू लागलाय.

खाली एवढंच. पहिलं नाव, गाव, हंगाम. एक आहे "एकतीस हंगाम". तिचं वय सेहेचाळीस.

आता ती बाई. जिला मी फ्लेक्सवरनं कापली होती ती. तिला सगळं सांगितलं, कापल्याचंसुद्धा. तिला त्याचं काही विशेष वाटलं नाही, "त्यात काय, त्याचा बोर्ड होता," म्हणाली. पोरगा मात्र उठला. तोच, शुभेच्छुक. आईचा फोटो बाजारात कशाला, लोक काय म्हणतील, आमचं नाव खराब. मी गप्प बसलो, आपलं काम नाही. ती भाकरी थापत होती, मान वर न करता म्हणाली, "तुझा लागला तवा मी काय म्हणलं का?" पोरगा बाहेर गेला, गाडीला किक मारली, गाडी काही लगेच चालू होईना.

मग मला विचारू लागली, हे कशावर काढणार? म्हणलं कागदावर, खळीनं चिकटवणार. पावसानं काय होतं? गळून जातं. मग शेवटी काय उरतं? म्हणलं, काही नाही मावशी, भिंत धुऊन द्यायची हमी लिहून दिलीय. तिनं जरा विचार केला. "मग माझा त्या तुमच्या बोर्डाच्या कापडावर काढ. दहा दिवस लाव तिकडं. मग मला दे. कोपीवर टाकायला होईल. औंदा घ्यायचंच होतं एक."

बाकीच्या सात कागदावर चालल्यात, काल प्लॉटरवाल्याकडं टाकल्या. हिचा बारा बाय आठ स्टार फ्लेक्सवर, ९६ फूट, ९६० रुपये, माझ्या खिशातनं. तिला आत दिसणारी बाजू पाहिजे का बाहेर, तेही विचारलं. बाहेर म्हणाली. आत धूर असतो.

बाभळीखाली, तुम्ही कोप्या बघितल्यात म्हणून विचारतो. कोपी साधारण किती रुंद असते, आणि कापड कुठं कुठं बांधतात? नेहमीसारखे कडेनं तीन-तीन फुटांवर आयलेट (दोरीच्या भोकाच्या कड्या) मारले तर बांधताना मधी ताण बसून फाटतं का? मधी एक-दोन जास्तीचे मारावे लागले तर कपाळावर मारू का हनुवटीखाली? डोळ्याला भोक नको.